गायरानातलं गवत आणि त्याच्या मुळातली बुरशी

ऑगस्टच्या मध्यावर, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, गायरानातल्या मारवेल गवताचा एक ठोंब खुरप्याने मातीसकट काढावा आणि बादलीभर पाण्यात तासभर भिजत ठेवावा. माती सुटते, पण सगळी नाही. बारीक मुळांना मातीचे रवे चिकटून राहतात, हलवले तरी निघत नाहीत. शेजारच्या नांगरलेल्या रानातलं ढेकूळ तसंच पाण्यात टाकलं तर बहुतेक वेळा काही मिनिटांत विरघळून गाळ होऊन तळाशी बसतं. या फरकाला कारणं बरीच आहेत. त्यातलं एक मोठं कारण साध्या डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे मुळाच्या आतून बाहेर पडून मातीत पसरलेले बुरशीचे धागे.

बुरशी म्हटलं की आपल्याला रोगच आठवतो: ज्वारीवरची काणी, बाजरीचा अरगट, तुरीची मर. ही बुरशी त्या जातीची नव्हे. ती जिवंत मुळात राहते, मुळाला न मारता, आणि मुळाशिवाय तिला जगता येत नाही. अशा जोडीला कवकमूळ किंवा मायकोरायझा म्हणतात. हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली दिलं. जोडी मात्र फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशीच बुरशी दिसते. तेव्हा पृथ्वीवर गवत उगवायला अजून कितीतरी कोटी वर्षं बाकी होती.

कवकमुळाचे प्रकार अनेक आहेत. पाइन, ओक अशा झाडांत बुरशी मुळाला बाहेरून वेढून बसते. गवताच्या मुळात ती थेट पेशीच्या आत शिरते आणि तिथे बारीक फांद्या फुटलेल्या झुडपासारखी रचना करते. या रचनेला अर्बस्क्यूल म्हणतात. कृषी सेवा केंद्रात ‘व्हॅम’ नावाने पाकिटं मिळतात ती याच गटातल्या बुरशीची. एक गैरसमज इथेच काढून टाकू. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर माळावर ज्या छत्र्या उगवतात त्यांचा या बुरशीशी संबंध नाही. ही बुरशी छत्री उगवतच नाही. तिचा सगळा संसार जमिनीखाली असतो. वारुळाजवळ येणारी अळंबी तर वाळवीच्या जोडीने वाढणारी वेगळीच बुरशी आहे.

देवाणघेवाण कशाची

मराठवाड्याचे माळ बेसाल्ट खडकावरचे आहेत. बालाघाटच्या पठारावर, पाटोदा–आष्टी–भूमकडे किंवा अजिंठ्याच्या उतारावर वीतभर माती आणि खाली मुरूम, अशीच परिस्थिती सगळीकडे आहे. माती विम्लधर्मी, बऱ्याच जागी चुनखडीयुक्त. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) नसतो असं नाही, पण तो चुन्याशी बांधला जातो आणि मातीतल्या पाण्यात अगदी थोडा उतरतो. शिवाय स्फुरद जागचा फारसा हलत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं, स्फुरदाचं तसं नाही. मुळाने भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा एकदा उपसला की तो रिकामाच राहतो. पुढचा स्फुरद दोन बोटांवर असला तरी मुळाला तो मिळत नाही. जस्ताचंही साधारण असंच आहे.

इथे बुरशी उपयोगी पडते. तिचे धागे दोन ते दहा मायक्रॉन जाडीचे असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे धागा किती बारीक हे लक्षात येईल. असे धागे मुळापासून कित्येक सेंटिमीटर लांब जातात आणि मुळाला शिरता येणार नाही अशा सूक्ष्म पोकळ्यांत शिरतात. तिथला स्फुरद उचलून ते धाग्यातल्या धाग्यात आत आणतात. धाग्याला आडवे पडदे जवळजवळ नसतात, एकच लांब नळी असते, त्यामुळे माल अडत नाही. अर्बस्क्यूलपाशी स्फुरद गवताच्या पेशीत जातो आणि बदल्यात बुरशीला साखर आणि स्निग्ध पदार्थ मिळतात. स्निग्ध पदार्थांचा भाग २०१७ मध्ये स्पष्ट झाला. ही बुरशी त्यासाठी लागणारी मेदाम्लं स्वतः बनवूच शकत नाही. म्हणून ती नुसत्या साखरेच्या आगरावर, प्रयोगशाळेतल्या बशीत एकटी वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागतंच. खत घेताना हा मुद्दा फार कामाचा आहे, पुढे येईल.

गवत आपल्या पानांत तयार झालेल्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के या बुरशीवर खर्च करतं. रक्कम लहान नाही. आपल्याकडच्या बटईसारखा हा व्यवहार आहे: जमीन एकाची, राबणारा दुसरा, आणि वाटा ज्याच्या-त्याच्या कामावर. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की एकाच मुळात दोन-तीन जातींच्या बुरशा असतील तर जी जास्त स्फुरद आणते तिला वनस्पती जास्त अन्न देते. कामचुकार बुरशीचा वाटा कमी होतो. हा प्रयोग गवतावर नव्हे, शेंगवर्गातल्या एका छोट्या रोपावर होता, पण यंत्रणा समजायला तो पुरेसा आहे.

आणि बटई मोडतेही. मातीत आयता स्फुरद भरपूर असेल तर गवत बुरशीला बोलावतच नाही. बोलावणं कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे पदार्थ मातीत सोडतात. त्यांचं प्रमाण अत्यंत कमी असतं, पण तेवढ्याने जवळच्या बुरशीच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात आणि तो मुळाला येऊन भिडतो. या पदार्थांच्या नावात ‘स्ट्रायगा’ आहे, म्हणजे ज्वारीवर वाढणारा आपला टारफुला. हे परोपजीवी तण नेमका तोच निरोप चोरून ऐकतं. मूळ जवळ आलं हे त्याला त्या पदार्थांवरूनच कळतं आणि मगच त्याचं बी उगवतं. हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला जास्त का, याचं एक कारण इथे आहे: ज्वारी तिथे बुरशीला जोरात हाका मारत असते. डीएपी या स्फुरदाच्या खताचे थरावर थर पडले की हाका थांबतात, आणि बुरशी मुळात शिरण्याचं प्रमाण घसरतं.

पाण्याबद्दल थोडं सांभाळून बोलायला हवं. ‘मायकोरायझा घाला, दुष्काळात पीक वाचवा’ असं छापलेलं दिसतं. धाग्यांमुळे मूळ आणि माती यांचा संपर्क टिकतो, पावसाच्या उघडिपीत गवत थोडं उशिरा सुकतं, आणि रवाळ मातीत पाणी जास्त मुरतं, इथपर्यंत ठीक. धागे बादल्या भरून पाणी आणत नाहीत. जो फायदा दिसतो त्यातला बराचसा वेळेवर मिळालेल्या स्फुरदाचा आणि सुधारलेल्या मातीचा असतो.

माळावरचं वर्ष

एप्रिल-मेमध्ये माळ पिवळा पडलेला असतो. गवताचा वरचा भाग मेलेला, ठोंबाच्या बुडाशी मात्र जीव. बुरशी त्या वेळी दोन रूपांत असते: मातीतले जाड कवचाचे बीजाणू आणि वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांत अडकलेले धागे. बीजाणू साधारण ५० ते ५०० मायक्रॉनचे असतात. मोठे असतील तर भिंगाखाली मोहरीच्या दाण्यांसारखे पिवळे, तपकिरी, चकचकीत दिसतात.

जूनमध्ये माती भिजली की बीजाणू अंकुरतो. त्याच्याकडे स्वतःची शिदोरी म्हणजे आतलं तेल, आणि ती मोजकी असते. एक-दोन आठवड्यांत मूळ सापडलं नाही तर धाग्यातला जीवद्रव्याचा भाग परत आत ओढला जातो आणि बीजाणू पुन्हा झोपी जातो. असे काही फेरे तो करू शकतो, पण दर फेऱ्याला शिदोरी घटते. पेरलेल्या रानातल्या पिकाला बुरशी बीजाणूपासून पहिल्यापासून बांधावी लागते. माळावर मात्र जुन्या ठोंबाची मुळं जागीच असतात आणि गेल्या वर्षीच्या मुळातले धागे थेट नव्या मुळात शिरतात. बारमाही गवताचा हा मोठा फायदा आहे आणि नांगराने तो एका दिवसात जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये अर्बस्क्यूल भरात असतात. एकेक अर्बस्क्यूल काही दिवसच टिकतो, मग विरतो, शेजारच्या पेशीत नवा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत फुलोऱ्यावर येतं, मुळांकडे जाणारं अन्न कमी होतं आणि बुरशी बीजाणू तयार करायला लागते. म्हणून मातीचा नमुना कशासाठी हवा यावर महिना ठरतो: मुळातली वस्ती पाहायची तर ऑगस्ट, बीजाणू मोजायचे तर नोव्हेंबरनंतर.

पवन्या, शेडा, डोंगरी गवत, मारवेल, कुसळी ही आपली सगळी गवतं उष्ण हवामानातली आहेत. अशी गवतं थंड प्रदेशातल्या गवतांपेक्षा या बुरशीवर जास्त अवलंबून असतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कोन्झा कुरणावर हे नीट तपासलं गेलं. तिथे बेनोमिल हे बुरशीनाशक वर्षानुवर्षं देऊन मुळातली बुरशी दाबून ठेवली, तेव्हा उंच वाढणारी उष्ण हंगामी गवतं मागे पडली. त्यांच्या दबावाखाली असलेल्या इतर वनस्पतींना जागा मिळाली आणि तिथे जाती वाढल्या. याउलट, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतल्या पडीक रानाची नक्कल करून केलेल्या प्रयोगात मातीत बुरशीच्या जाती जितक्या जास्त, तितक्या वनस्पतींच्या जाती आणि उत्पादन जास्त, असं दिसलं. दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत. ज्या कुरणावर राज्य करणारं गवतच बुरशीच्या जोरावर मोठं झालंय तिथे बुरशी गेली की इतरांचं फावतं. जिथे दुबळ्या वनस्पती बुरशीवर जगतात तिथे त्या मरतात. ‘बुरशी वाढवा, जैवविविधता वाढेल’ हे वाक्य म्हणून सरसकट खरं नाही.

याच ओघात आणखी एक. ‘झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना दूध पाजतं’ अशा छापाचे संदेश मोबाइलवर फिरतात. एकच बुरशी दोन ठोंबांच्या मुळांत असू शकते, हे खरं. पण तिच्यातून एका रोपाकडून दुसऱ्याकडे कामाला येईल इतकं अन्न जातं का, याचे मोकळ्या रानातले पुरावे कच्चे आहेत. गायरान राखण्यासाठी त्या गोष्टीची गरजही नाही.

गवताच्या पानात-देठात राहणारी बुरशी हा निराळा विषय. अमेरिकेतल्या टॉल फेस्क्यू गवतात एपिक्लोई नावाची बुरशी असते. ती गवताला कीड आणि उन्हापासून वाचवते, पण तिच्यातल्या विषारी द्रव्यांनी गुरांना ताप येतो, खूर आणि शेपटीचे शेंडे सडतात. ती थंड हवेतल्या गवतांच्या शाखेत राहते. मारवेल-पवन्या त्या शाखेतले नाहीत, तेव्हा देवणी किंवा लाल कंधारी गुरांच्या मालकांनी त्यासाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

मोडतं कुठे

सगळ्यात मोठं नुकसान मुरूम उपशाने होतं. बुरशीची बहुतेक वस्ती वरच्या वीतभर मातीत असते. ती खरवडली की खाली उरतो तो निर्जीव मुरूम. तिथे पहिल्यांदा माठ-राजगिऱ्याच्या कुळातली तणं येतात, कारण त्या कुळाला ही बुरशी लागत नाही. मोहरी-कोबीच्या कुळाचंही तसंच. गवत मात्र येत नाही, आलं तरी जांभळट पडून खुरटतं. जांभळी पात ही स्फुरदाच्या उपासमारीची खूण.

पाणलोटाच्या कामातही हेच नकळत घडतं. सलग समतल चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खणतात आणि माती खालच्या बाजूला भरतात. खणताना वरची माती आधी पडते, तिच्यावर खालचा मुरूम येतो. म्हणजे भरावाच्या डोक्यावर मेलेली माती आणि पोटात जिवंत. मग त्यावर टाकलेलं गवताचं बी उगवून मरतं आणि दोष बियाण्याला जातो. उपाय फुकटचा आहे: वरचे १० सेंटिमीटर वेगळे काढून ठेवायचे आणि भराव पूर्ण झाल्यावर शेवटी वरून पसरायचे. जेसीबीवाल्याला हे काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं. मागाहून सांगितलं तर उपयोग नाही.

नांगरट धाग्यांचं जाळं तोडते. एकदा नांगरलेलं गायरान लगेच सोडून दिलं तर बीजाणूंवरून ते सावरतं. पण नांगरून उघडं ठेवणं वाईट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. तिथे वर्षभरापेक्षा जास्त काळ रान पडीक आणि तणमुक्त ठेवल्यावर सूर्यफुलासारखी पिकं स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेने खुरटायची. पाणी भरपूर साठलेलं, तरी पीक आजारी. १९८०च्या दशकात याचं कारण समोर आलं: जिवंत मूळ नसल्याने बुरशी उपाशी मेली होती. आपल्याकडे रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान मोकळं ठेवून वखरपाळ्या देतात. तो काळ चार-पाच महिन्यांचाच, तेव्हा एवढा फटका बसत नाही. पण अशा रानाच्या बांधावर गवत राखलं तर बुरशीचं विरजण कायम राहतं. बांध पेटवून किंवा तणनाशक मारून साफ करणारे हेच विरजण घालवतात.

चराईचं गणित सरळ आहे. पात खाल्ली गेली की अन्न कमी बनतं आणि सगळ्यात आधी मुळाकडचा, पर्यायाने बुरशीचा वाटा कापला जातो. थोडी चराई गवत सोसतं. शेळ्या-मेंढ्यांनी जुलैतच बुडापर्यंत खाल्लेलं गवत फुटवे काढण्यातच सगळी ताकद घालवतं. वर्षानुवर्षं असं झालं की पवन्या-शेडा जातो, मारवेल विरळ होतं आणि कुसळी वाढते. तिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत, कातडीत घुसतात हे धनगरांना सांगायला नको. पूर्ण बंदी गावाला परवडत नाही. त्यापेक्षा गायरानाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एक भाग पाऊस सुरू झाल्यापासून बी गळेपर्यंत राखावा. कापणी करायची तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला, जमिनीपासून चार बोटं ठेवून.

वणवा लोकांना वाटतो तितका बुरशीचा शत्रू नसतो. वाळलेल्या गवताची आग झरझर पुढे सरकते आणि तापतात ते मातीचे वरचे दोन-तीन सेंटिमीटर. खालचे बीजाणू वाचतात. खरं नुकसान नंतर होतं. उघडी पडलेली राखेची माती पहिल्या वळवाच्या पावसात वाहून जाते, आणि तिच्याबरोबर बुरशीही. उतार जितका जास्त तितकं हे वाईट.

खतांमध्ये नत्रापेक्षा स्फुरदाची काळजी जास्त. चाऱ्याच्या प्लॉटवर माती परीक्षण न करता दरवर्षी डीएपी टाकणं म्हणजे पैसे देऊन बुरशीला रजा देणं. आपल्या विम्लधर्मी मातीसाठी प्रयोगशाळेत ऑल्सेन पद्धतीने स्फुरद काढतात. अहवालात तो ‘मध्यम’च्या वर असेल तर माळावरच्या गवताला स्फुरद देऊ नये. बुरशीनाशकांत कार्बेन्डाझिमपासून जपावं. कोन्झावर वापरलेलं बेनोमिल मातीत गेल्यावर त्याचंच कार्बेन्डाझिम होतं.

मुळात बुरशी आहे का, कसं पाहायचं

शाळा-महाविद्यालयाच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर हे जमतं. सगळ्यात बारीक मुळं घ्यायची, जाड नाहीत. धुवून सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, उकळत्या पाण्याच्या भांड्यात परीक्षानळी ठेवून, मुळं पारदर्शक होईपर्यंत तापवायची. कोवळ्या मुळांना वीस मिनिटं पुरतात, जुन्या तपकिरी मुळांना तास लागू शकतो. हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. मग पाण्याने तीन-चारदा, शेवटी एकदा व्हिनेगरने धुवायची. ५ मिलि काळी फाउंटन पेनची शाई आणि ९५ मिलि पांढरं व्हिनेगर यात तीन मिनिटं उकळायची. नंतर थोडं व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवली की जादा रंग उतरतो.

शंभरपट मोठं करून पाहिलं तर मुळाच्या लांबीने गेलेले रंगलेले धागे, मधूनमधून गोल फुगे आणि चारशेपटीत पेशी भरून टाकणारे धुरकट झुपके दिसतात. झुपके म्हणजेच अर्बस्क्यूल. धाग्याला थोड्या-थोड्या अंतरावर आडवे पडदे दिसले तर ती दुसरी बुरशी. कोरड्या माळावरच्या गवतात गडद तपकिरी, पडदे असलेले धागे पुष्कळदा असतात, त्यांना मायकोरायझा म्हणून मोजू नये. काहीच रंगलं नाही तर आधी शाईवर संशय घ्यावा, कारण सगळ्या शाया धरत नाहीत. मूळ विरघळून लगदा झालं तर जास्त तापवलं.

बीजाणूंसाठी माती चाळण्यांतून ओतावी लागते. १०० ग्रॅम माती लिटरभर पाण्यात ढवळून जड वाळू बसेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं आणि वरचं पाणी ७१०, २५०, १०० आणि ४५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून एकाखाली एक सोडायचं. काळ्या मातीत इथेच घोडं अडतं: चिकणमाती चाळणी बुजवते. माती रात्रभर भिजवावी, पाण्यात चिमूटभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट टाकावं. चाळणीवर चुनखडीचे गोल खडे आणि किड्यांची अंडी बीजाणूंसारखीच दिसतात. सुईच्या टोकाने दाबून पाहावं. जिवंत बीजाणू फुटला की तेलाचे थेंब बाहेर येतात, खडा फुटत नाही, आणि मेलेला बीजाणू आतून पोकळ असतो.

विरजण कधी लावायचं

गायरानावर जुनं गवत, मग ते विरळ का असेना, शिल्लक असेल तर बाहेरची बुरशी आणायची गरज नाही. मातीत ती आहे. राखण आणि बी-ठोंब एवढंच पुरे. विरजणाची जागा म्हणजे उपसलेली मुरूम खाण, चराचा भराव, शेततळ्याचा बांध, रस्त्याकडेचा ओरखडलेला उतार.

तिथेही सोपी वाट आधी. मारवेलाचे ठोंब लावायचे असतील तर ते धुवून, मुळं छाटून आणू नयेत. जून-जुलैत भिज पाऊस झाल्यावर त्याच गावच्या जुन्या गायरानातून मुळाशी मूठभर माती ठेवून काढावेत आणि त्याच दिवशी दोन फूट × एक फुटावर लावावेत. बुरशी ठोंबाबरोबर येते. सोबत स्टायलो या शेंगवर्गातल्या चाऱ्याचं बी टाकलं तर चांगलं. शेंगवर्गाच्या गाठींना नत्र बांधायला स्फुरद पुष्कळ लागतो, तो त्यांनाही हीच बुरशी पुरवते. गाजरगवत असलेल्या जागेची माती मात्र उचलू नये, मातीबरोबर त्याचं बी येतं. मुळांवर गाठी दिसत असतील तर सूत्रकृमीही येतील.

जागा मोठी असेल तर विरजण स्वतः वाढवता येतं. जाड वाळू आणि मुरमाड माती समप्रमाणात मिसळून ओली करावी, एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवावी. एक मीटर × एक मीटर, ३० सेंटिमीटर खोल खड्ड्याला प्लॅस्टिक घालून, तळाला निचऱ्याची भोकं पाडून, त्यात ही माती २० सेंटिमीटर भरावी. त्यावर खात्रीचं एक किलो विरजण किंवा जुन्या गायरानाची मुळांसकट दहा किलो माती पसरावी आणि वर पाच सेंटिमीटर तापवलेली माती. जूनमध्ये ज्वारी किंवा मका दाट पेरावा. दुकानातलं रंगीत बी बुरशीनाशक लावलेलं असतं. घरचं साधं बी घ्यावं, नाहीतर आपल्याच हाताने विरजण मारलं जातं. शेणखत आणि डीएपी अजिबात नको. पात पिवळी पडली तर तिसाव्या दिवशी दहा ग्रॅम युरिया, बस. पंचेचाळीसाव्या दिवशी दोन-चार रोपं उपटून वरच्या पद्धतीने मुळं तपासावीत. अर्ध्याहून कमी लांबीत बुरशी दिसली तर कारण बहुधा जास्त ओलावा किंवा जास्त स्फुरद. तीन महिने झाले की शेवटचे दहा-बारा दिवस पाणी तोडावं, मग बीजाणू भरतात. पाऊस लागून राहिला तर वर प्लॅस्टिकचं छत धरावं. ताटं बुडातून कापावीत, मुळं खणून बोटभर तुकडे करून मातीतच मिसळावीत, सावलीत सुकवून सुती पिशवीत भरावीत. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. मेमधल्या पत्र्याखालच्या उकाड्यात पुढच्या जूनसाठी काही उरत नाही.

वापरताना ५० ते १०० ग्रॅम विरजण खड्ड्यात, ठोंबाच्या मुळाला टेकेल असं टाकावं. वरून फेकलेलं उन्हात वाळून जातं.

विकतचं घ्यायचं झालं तर पाकिटावर प्रति ग्रॅम किती जिवंत बीजाणू किंवा संसर्गक्षम घटक आहेत, बनवल्याची तारीख आणि मुदत कोणती, हे वाचावं. ही बुरशी एकटी वाढत नाही, म्हणून ‘मुळाशिवाय टाकीत वाढवलेला मायकोरायझा’ असं कुणी सांगितलं तर तो माल निराळा आहे. राजस्थानच्या थर वाळवंटात सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका अशी टाकीत वाढते आणि मुळांना मदतही करते, पण ती वेगळ्या गटातली बुरशी आहे, अर्बस्क्यूल बनवत नाही. पाकीट घेतल्यावर सगळं रानात टाकण्याआधी मूठभर जपून ठेवावं. दोन कुंड्यांत तापवलेली माती भरावी, एकीत पाकिटातलं घालावं, एक तशीच ठेवावी, आणि दोन्हींत घरची ज्वारी लावावी. सहा आठवड्यांनी दोन्ही कुंड्यांतली मुळं शाईत उकळून पाहिली की पाकिटात बुरशी होती की नुसती रंगीत माती, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.